हिंदु विधवा : कायद्याचा हक्क आणि समाजाचा उंबरठा

काशीविश्वेश्वराच्या देवालयात, गयेच्या विष्णुपद मंदिरात अथवा सोमनाथ येथील जुन्या देवळात हात जोडून उभ्या राहणाऱ्या भाविकाला एका गोष्टीचे स्मरण क्वचितच होते. ही देवालये ज्या हातांनी पुन्हा उभी राहिली ते हात एका विधवेचे होते. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे पती खंडेराव 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांना परावृत्त केले. पुढे सासरे गेले, पुत्र मालेराव गेला, आणि 1767 पासून 1795 पर्यंत त्या विधवा स्त्रीने महेश्वरहून माळव्याचा कारभार असा केला की इंदूरकरांच्या मुखी तिचे नाव आजही देवतेप्रमाणे घेतले जाते. भरतखंडातील मोडकळीस आलेली तीर्थक्षेत्रे, घाट, धर्मशाळा ह्यांचा जीर्णोद्धार तिने केला.

परंतु ह्याच चरित्राला एक दुःखद बाजू आहे. 1791 साली जावई यशवंतराव फणसे निवर्तले, तेव्हा कन्या मुक्ताबाई हिने सहगमनाचा निश्चय केला. मातेने परोपरीने विनवले; पण राज्याची धनीण असलेल्या मातेलाही रूढीपुढे हार पत्करावी लागली. राजसत्ता हाती असूनही रूढी हाती नसते, हा ह्या प्रसंगाचा अर्थ होय. हिंदु विधवेच्या स्थितीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास हाच अर्थ पुनःपुन्हा प्रत्ययास येतो. कायद्याने एकामागून एक दारे उघडली. त्या दारांतून आत येण्याची मुभा मात्र दरवेळी समाजाने, कुटुंबाने आणि देवळाच्या उंबरठ्यानेच द्यावयाची होती.

प्राण वाचला, पण जीवन?

गोव्यात, कोकणात व घाटावर अनेक जुन्या देवळांच्या परिसरात सतीशिळा आढळतात. कोपरात वाकवलेला, बांगड्यांनी भरलेला हात आणि वर चंद्रसूर्य, अशी त्यांची ओळखण्याची खूण. बांगड्या न फुटलेला तो हात अखंड सौभाग्याचे चिन्ह मानला गेला. मागे राहिलेल्या स्त्रीच्या बांगड्या फुटत, आणि तिच्यासाठी शिळा कोणी उभारीत नसे.

गोव्यात पोर्तुगीज अंमल सुरू होताच, सोळाव्या शतकाच्या आरंभी, अल्बुकर्कने सतीची चाल बंद केली. इंग्रजी मुलुखात ही बंदी येण्यास आणखी तीन शतके लागली. राजा राममोहन रॉय यांच्या चळवळीनंतर 4 डिसेंबर 1829 रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी बंगाल इलाख्यात सतीबंदीचा कायदा केला. पाठोपाठ 1830 साली मुंबई व मद्रास इलाख्यांत तशीच बंदी झाली. सनातनी मंडळींनी विलायतेस प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली, ती 1832 साली फेटाळण्यात आली.

सतीबंदीने विधवेचा प्राण वाचविला. पण त्या प्राणाचे पुढे काय करावयाचे, ह्याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. उच्च वर्णांत बालविवाह सार्वत्रिक होते. त्यामुळे आठ-दहा वर्षांची मुलगी, जिला पती म्हणजे काय हेही कळले नाही, ती विधवा होई. केशवपन, एक वेळचे जेवण, तांबडे अलवण, मंगलकार्यात मागील दाराची जागा, आणि घरातील सर्व कष्टांची कामे हे तिचे आयुष्य ठरून जाई. घरात तिला अन्नवस्त्र मिळे; मान मिळत नसे.

1856 चा कायदा आणि त्यातील मेख

पुनर्विवाहाचा विचार महाराष्ट्रात इंग्रजांपूर्वीही झाला होता. परशुरामभाऊ पटवर्धन यांच्यासारख्या मातब्बर सरदाराने आपल्या बालविधवा कन्येचा पुनर्विवाह करण्याचे मनात आणले होते, परंतु विरोधामुळे तो बेत सोडावा लागला, असे इतिहासकार सांगतात. मराठेशाहीतील सरदारालाही जे साधले नाही, ते साधण्यासाठी शास्त्राचाच आधार हवा हे बंगालचे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी ओळखले. पराशरस्मृतीत विशिष्ट आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची अनुज्ञा आहे, हे त्यांनी 1855 साली ग्रंथ लिहून दाखविले. जुलै 1856 मध्ये हिंदु विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. असा विवाह कायदेशीर व त्यापासूनची संतती औरस ठरली.

ह्या कायद्यात एक मेख होती. दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेला पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क सोडावा लागे. जणू ती स्वतःच मरण पावली असे मानून ती मिळकत पुढील वारसांकडे जाई. ज्या जातींत पाटाची किंवा मोहोतराची चाल पूर्वापार होती, तेथील विधवांना विवाहाची मोकळीक कायद्याने नव्याने दिली नव्हती. ती त्यांच्यापाशी होतीच. तरी त्यांनाही हे कलम लागते असा निर्णय मुंबई हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिला. अलाहाबादच्या हायकोर्टाने ह्याच्या उलट मत दिले. म्हणजे उदार हेतूने केलेल्या कायद्याने कित्येक कष्टकरी घरांतील स्त्रियांचे हात उलट रिकामे केले. हा कायदा पुढे 1983 साली रद्द झाला.

महाराष्ट्रातील झगडा

कायदा झाला म्हणून विवाह झाले नाहीत. विष्णुशास्त्री पंडित यांनी विद्यासागरांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले आणि विधवाविवाहोत्तेजक मंडळाची उभारणी केली. 1869 साली मुंबईत वेणूबाई व पांडुरंग विनायक करमरकर ह्यांचा विवाह झाला. त्यावरून गदारोळ उठला, बहिष्कार पडले. 1870 साली पुण्यात शंकराचार्यांसमोर शास्त्रार्थ होऊन निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. कायद्याच्या दृष्टीने हा विवाह निर्दोष होता, परंतु जातीच्या पंगतीत त्याला स्थान नव्हते. विष्णुशास्त्र्यांनी 1875 साली स्वतः विधवेशी विवाह केला आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

ह्याच काळात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई ह्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या ब्राह्मण विधवेला तेथे निर्धास्तपणे बाळंत होता येई. अशाच एका विधवेचा पुत्र यशवंत ह्यास त्यांनी पुढे दत्तक घेतले. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून स्त्रीजातीची जी नालस्ती सुरू झाली, तिने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिले. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हावी बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. वस्तरा धरणारा हातच थांबल्यास रूढी कशी चालेल, हा त्यामागील साधा व प्रभावी विचार होता.

सारस्वत समाजाला अभिमान वाटावा अशी एक घटना ह्याच सुमाराची आहे. मालवणात जन्मलेले थोर प्राच्यविद्यापंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1891 साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला. शास्त्राचा इतका व्यासंग असलेल्या पुरुषाने हे करावे ह्याला मोल होते. कारण शास्त्र आडवे येते असे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते. ग्रंथात सिद्ध केलेले मत त्यांनी स्वतःच्या घरात आचरून दाखविले.

पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदा सदन काढले. तेथे शिकत असलेल्या गोदूबाई ह्या विधवेशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी 1893 साली विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. ह्या अनुभवातून कर्वे ह्यांनी एक धडा घेतला. पुनर्विवाह थोड्यांचाच होईल. स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ मात्र प्रत्येक विधवेस देता येईल. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि 1916 साली त्यातूनच महिला विद्यापीठ उभे राहिले. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, ह्यांनी त्या संस्थेसाठी गावोगाव व परदेशीही फिरून निधी जमविला. गावाने वाळीत टाकलेल्या कर्व्यांना 1958 साली राष्ट्राने भारतरत्न दिले.

मिळकतीचा प्रश्न

विधवेच्या दुःखाचे मूळ पुष्कळ अंशी मिळकतीत होते. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा त्याच्या भावांकडे वा पुत्रांकडे जाई. विधवेला अन्नवस्त्र आणि राहण्याचा हक्क, एवढेच. पती विभक्त असेल व पुत्र नसेल, तर तिला वारसा मिळे, पण तोही मर्यादित. ती मिळकत उपभोगू शके. कायदेशीर गरजेवाचून विकू शकत नसे, आणि तिच्या पश्चात ती पतीच्या वारसांकडे परत जाई. हे वारस तिच्या प्रत्येक व्यवहाराकडे डोळा ठेवून असत.

1937 साली डॉ. गोपाळराव विनायक देशमुख ह्यांच्या प्रयत्नाने हिंदु स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा कायदा झाला. 'देशमुख कायदा' ह्या नावानेच तो ओळखला जातो. त्याने विधवेला मुलाइतका हिस्सा दिला, परंतु मालकी मर्यादितच ठेवली. त्यापुढील पाऊल म्हणजे हिंदु कोड बिल. ते मार्गी लागत नाही हे पाहून डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी 1951 साली कायदेमंत्रिपद सोडले, त्यामागे हेही एक प्रमुख कारण होते. त्यांनी मांडलेली कलमे पुढे निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाली. 17 जून 1956 पासून अमलात आलेल्या हिंदु वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. निर्वाहासाठी दिलेली मिळकतही पूर्ण मालकीची ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. त्याच सुमारास, 1956 सालीच झालेल्या दुसऱ्या कायद्याने विधवेला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला.

गोमंतकाची निराळी वाट

हे सर्व कायदे गोमंतकाला लागू नव्हते. 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता 1 जुलै 1870 पासून गोव्यात अमलात आली. हिंदूंच्या विवाह, दत्तक व एकत्र कुटुंबविषयक रूढींना स्थान देणारा हुकूमनामा 16 डिसेंबर 1880 रोजी निघाला. पोर्तुगालात 1910 साली प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर विवाह हा नागरी करार मानणारे कायदे आले आणि लवकरच ते गोव्यासही लागू झाले.

ह्या संहितेचे मुख्य तत्त्व असे की, लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते व प्रत्येकाचा तिच्यात निम्मा वाटा असतो. समजा, एका घराण्यात घर, भाताचे शेत आणि एक कुळागर आहे. पती निवर्तला व मागे विधवा आणि चार मुले राहिली, तर प्रथम मिळकतीचे दोन भाग होतात. एक भाग विधवेचा. तो तिला वारसा म्हणून मिळत नाही. तो मुळातच तिचा असतो. उरलेला अर्धा चार मुलांत, मुलगा-मुलगी असा भेद न करता, विभागला जातो. प्रत्येकाच्या वाट्यास एकूण मिळकतीचा आठवा हिस्सा येतो. पतीच्या हयातीतही पत्नीच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. आणि विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा अर्धा वाटा कोणी काढून घेऊ शकत नाही. गोवामुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने ही व्यवस्था चालू राहिली. 22 डिसेंबर 2016 पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा व इन्व्हेंतारविषयक नव्या कायद्यातही अर्ध्या वाट्याचे हे तत्त्व कायम आहे.

गोव्याच्या देवालयांची महाजन घराणी केवळ गोव्यातच राहिली नाहीत. कोणी कारवारास, कोणी बेळगावास, कोणी सावंतवाडीस, कोणी मुंबईस गेले; कुलदैवत एक, गोत्र एक, लग्नसंबंधही आपसांतले. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. 1937 पूर्वी एकाच घराण्यातील दोन बहिणींपैकी फोंड्यास दिलेली विधवा झाल्यास संहितेच्या तत्त्वाप्रमाणे अर्ध्याची धनीण. बेळगावच्या एकत्र कुटुंबात दिलेली विधवा झाल्यास दिरांकडून अन्नवस्त्राची अपेक्षा करणारी आश्रित. मध्ये होता तो केवळ एक घाट.

मग गोव्याच्या विधवेचे जीवन घाटावरील विधवेहून सुखाचे होते काय? येथेच इतिहास अंतर्मुख करतो. कागदावर अर्ध्याची मालकीण असलेल्या तिचेही केशवपन होत असे. तिलाही मंगलकार्यात मागे राहावे लागे. दस्तऐवजावर तिची सही लागे, म्हणून नोटरीकडे तिला नेले जाई. आणि दस्तऐवजात काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नसल्यास, ज्याने नेले त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून ती सही करी अथवा अंगठा उठवी. आपला वाटा सोडून देणे हेच कुलीनतेचे लक्षण, असे तिच्या मनावर बिंबविलेले असे. बेळगावच्या बहिणीला कायद्याने हक्क नाकारला. फोंड्याच्या बहिणीला तो दिला, आणि रूढीने तिच्याच हातून परत घेतला. अंगणात मात्र दोघींची जागा एकच होती.

देवळाचा उंबरठा

देवस्थानांच्या कारभारासाठी पोर्तुगीज सरकारने 1886 साली महाजनकीचे नियम केले, ते 1933 साली नव्याने घालण्यात आले. महाजनांच्या नोंदवह्या, सभा, खजिनदारी, हिशोब ह्यांना त्यामुळे शिस्त लागली. ह्या नोंदवह्या इतिहासाचे मोठे साधन आहेत. परंतु अनेक देवस्थानांत पिढ्यानपिढ्या त्यांत पुरुषांचीच नावे आढळतात. पती गेला की मुलगा सज्ञान होईपर्यंत त्या घराण्याचे नाव सभेत मुके होई. देवाच्या वाती वळणारी, नैवेद्याचे सोवळे सांभाळणारी, मुलांना कुळाचार शिकविणारी विधवा त्या घराण्याची खरी धारक होती, तरी वहीत तिला स्थान नव्हते.

आज केशवपन राहिले नाही. पुनर्विवाह करणारीला कोणी वाळीत टाकीत नाही. वारसा कायद्याचे एक जुने कलम काही नात्यांतील विधवांना पुनर्विवाहामुळे वारसाहक्क नाकारीत असे, तेही 2005 साली वगळण्यात आले. तथापि कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे रूढीचे अवशेष आहेतच. हळदीकुंकवाचे बोलावणे, देवीची ओटी भरणे, मुलाच्या लग्नात अक्षता टाकताना आईने कोठे उभे राहावे, अशा बाबींत तिला आजही अडखळावे लागते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनी हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. जे कायद्याच्या ग्रंथांना साधले नाही, ते एका लहान गावाने आपल्याच सभेत, आपल्याच माणसांच्या संमतीने ठरविले.

महाजन मंडळी हीही एक सभाच आहे. देवळातील पंगत कशी बसावी, उत्सवाचे आमंत्रण कोणास जावे, कुंकुमार्चनास कोणी बसावे, ओटी कोणी भरावी, ह्यांपैकी बहुतेक गोष्टी कोणत्याही सरकारी हुकमाने ठरत नाहीत. परंपरेने व महाजनांच्या संमतीने ठरतात. देणगीदारांच्या याद्यांत नावापूर्वी 'सौ.' की 'गं. भा.' हा भेद छापावयाचा की नाही, हेही त्यांच्याच हाती आहे. परंपरा म्हणजे केवळ गेल्या दीडदोनशे वर्षांची सवय नव्हे. ज्या परंपरेत एका विधवेने विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभारले आणि त्यात कोणालाही अशुभ दिसले नाही, तीही आपलीच परंपरा होय.

मुक्ताबाईला मातेची राजसत्ता वाचवू शकली नाही. वेणूबाईंच्या विवाहाला कायदा पंगतीत बसवू शकला नाही. आणि फोंड्याच्या विधवेला अर्धी मिळकत मान देऊ शकली नाही. भांडारकरांच्या कन्येला मात्र तिच्या पित्याने आपल्या घरातून मान दिला, आणि तो कोणी हिरावून घेऊ शकले नाही. सरकारने द्यावयाचे ते बव्हंशी देऊन झाले आहे. उरले आहे ते घराघरांनी आणि देवळादेवळांनी द्यावयाचे. श्रींच्या गाभाऱ्यातील दिवा समोर कोण उभे आहे हे पाहून उजेड देत नाही. त्या उजेडात सर्वांना सारखेच उभे राहता यावे, इतकेच करावयाचे राहिले आहे.